सशाच्या घराची मागची बाजू

त्याने आयुष्यभर घरे बांधली आणि त्यांपैकी एकाही घराची मागची बाजू कोणी पाहिली नाही. समोरून नक्षीचा महाल. मागून उघड्या चौकटी, आडव्या पट्ट्या, ताणून खिळलेले कापड आणि भिंत आडवी होऊ नये म्हणून लावलेले तिरके टेकू. नाट्यगृहाच्या सुतारखात्यात त्याची हयात गेली. न्यायालय, इस्पितळ, तुरुंग, श्रीमंताचा दिवाणखाना, गरिबाची खोली, जे म्हणाल ते त्याने उभे केले, पडदा पडेपर्यंत उभे ठेवले आणि नंतर मोडून ट्रकमध्ये रचले. त्याच्या जिन्यांना प्रेक्षकांना दिसतील एवढ्याच पायऱ्या असत. नायिका रागाने तरातरा वर निघून जाई, टाळ्यांचा कडकडाट होई, आणि वर पोहोचलेली ती बिचारी एका डुगडुगत्या फळीवर उभी राहून अंधारात उतरायची शिडी पायाने चाचपडत असे.

त्याला सारे ‘काटकोन’ म्हणत. त्याने जोडलेला कोपरा कधी उघडत नसे म्हणून, आणि तो स्वतः कधी वाकत नसे म्हणूनही. टाळ्या नटाला, हार दिग्दर्शकाला आणि रंगाचा वास सुताराला, ही वाटणी त्याने कुरकुर न करता मान्य केली होती. जे दिसते त्याला मान आणि जे उभे धरते त्याला टेकू म्हणायचे, ही जगाची रीतच आहे. तिच्याविरुद्ध तक्रार नोंदवून घेणारी खिडकी अजून कोणत्याही कचेरीत उघडलेली नाही.

त्याच्या धंद्यात एकच पाप अक्षम्य होते: मागचे दिसणे. कडेच्या खुर्चीवरच्या प्रेक्षकाला दिवाणखान्याच्या दारातून पलीकडे चहा पिणारा रंगकामगार दिसला, तर चूक त्या कामगाराची नसे, सुताराची असे. म्हणून जिथे जिथे फट, तिथे तिथे फळी नाही तर काळे कापड. याला मास्किंग म्हणतात. काटकोनाचे मास्किंग असे चोख असे की रंगमंचाच्या मागे आग लागली असती तरी पहिल्या रांगेला धुराचा वास येईपर्यंत पत्ता लागला नसता.

मग नाट्यगृहाने एक मोठा पडदा विकत घेतला. बटण दाबले की त्यावर महाल उगवे, दुसरे बटण दाबले की समुद्र. व्यवस्थापक काटकोनाला म्हणाला, “अधूनमधून येत जा. तुमचंच घर आहे.” ज्याला असे सांगावे लागते त्याचे ते घर उरलेले नसते, हे न कळण्याइतका काटकोन भाबडा नव्हता.

पण त्या वर्षी त्याला नोकरीचे दुःख करायला सवड मिळाली नाही. त्याची एकुलती एक मुलगी आजारपणाचे शेवटचे काही महिने माहेरी येऊन राहिली आणि पुढच्या खोलीतल्या खाटेवर गेली. वर्ष उलटायच्या आत जावयाने दुसरे लग्न केले. लोकांनी त्याला व्यवहारी म्हटले. मेलेल्याच्या माणसांना हा शब्द फार लवकर ऐकावा लागतो.

नवा संसार नव्या इमारतीत थाटला गेला. त्यानंतर एका सकाळी जावई नातीला घेऊन आला. नऊ वर्षांची पोर, अंगापेक्षा डोळे मोठे. मांडीवर भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोका घेऊन ती खुर्चीच्या कडेवर बसली.

“बाबा, आमच्या सोसायटीत प्राणी चालत नाहीत,” जावई म्हणाला. “लेखी नियम आहे.”

“माणसं चालतात का?” आतून काटकोनाच्या बायकोने विचारले.

जावयाने ते ऐकले नाही असे दाखवले. “दुकानात परत देऊन टाकतो म्हणत होतो. पण ही ऐकत नाही. म्हणजे, बोलतच नाही. हल्ली कुणाशीच बोलत नाही ती.”

खोक्यात ससा होता. न धुतलेल्या बटाट्याच्या रंगाचा, तसाच वेडावाकडा आणि गोल. काटकोनाच्या मुलीने आजारपणाच्या सुरुवातीला तो आपल्या लेकीसाठी आणला होता आणि पाहताक्षणी त्याचे नाव बटाटा ठेवले होते. तिने ठेवलेले ते शेवटचे नाव.

“इथे राहील तो,” काटकोन म्हणाला.

“नीट राहणार असेल तर बघा. मग रविवारी रविवारी हिला घेऊन येत जाईन, त्याला भेटायला.”

त्याला भेटायला. आजी-आजोबांना नव्हे. काटकोनाने तो शब्द ऐकला, गिळला आणि मान डोलावली. सशाच्या कानाला धरून का होईना, नात घरात येणार होती. ससा सुखात राहिला तर रविवार. नाही राहिला तर या घराकडे यायचे जावयाला काही कारण उरत नव्हते, आणि कारणाशिवाय कुठे जाणे त्याच्या स्वभावात नव्हते.

दुसऱ्याच दिवशी नवराबायको पिंजरा बघायला दुकानात गेली. दुकानदार उत्साही होता.

“हा घ्या आजी. तीन मजली. वर गच्ची.”

“ससा गच्चीवर जाऊन काय करणार? कपडे वाळत घालणार?”

“आणि खाली तारेची जाळी. घाण आपोआप खाली पडते. साफ करायची कटकट नाही.”

तिने तारेवर तळहात दाबून धरला आणि उचलून त्याला दाखवला. चौकोनी वळ उठले होते. “तुम्ही अनवाणी उभे राहा बघू यावर संध्याकाळपर्यंत. मग घेते.”

“आजी, तो ससा आहे.”

“म्हणूनच. बूट घालत नाही तो.”

काचेची पेटी होती, पण तिच्यात वारा जाणार कुठून? प्लॅस्टिकचे रंगीत घरकुल होते, पण त्यात सशाला मागच्या दोन पायांवर उभे राहता येणार नव्हते. कान टेकले असते छताला. बाहेर पडताना फळवाल्याच्या दुकानाशी एक रिकामी लाकडी पेटी पडलेली होती. काटकोनाची बायको तिच्यापाशी थांबली.

“हेच घेऊ. उलटं ठेवायचं, दोन बाजूंना दोन भोकं पाडायची, खाली जुनी चादर, वर गवत. स्वयंपाकघरात फळीखाली ठेवू. तिथे ऊन येत नाही, कुणाचा पाय येत नाही.”

“दोन भोकं कशाला?”

“एकातून कुणी आलं तर दुसऱ्यातून पळायला. सासरी मला एकच दार होतं, म्हणून सांगते.”

“खोकं?” काटकोन म्हणाला. “जावई बघेल ना. म्हणेल, जन्मभर महाल बांधले आणि माझ्या पोरीच्या सशाला फळांचं खोकं दिलं.”

“अहो, ससा राहायला आलाय. नाटक करायला नाही.”

पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. ज्याला आयुष्यभर कोणी विचारले नाही, त्याला म्हातारपणी एक घर बांधायचे होते, आणि ते मोडून ट्रकमध्ये रचावे लागणार नव्हते. तो नाट्यगृहाच्या गोदामात गेला. फार गाजलेल्या एका कौटुंबिक नाटकाच्या दिवाणखान्याच्या चौकटी तिथे भिंतीला टेकून धूळ खात उभ्या होत्या. “न्या, न्या,” व्यवस्थापक म्हणाला. “नाहीतरी भंगारातच जायचंय.” माणसाच्या उमेदीच्या वर्षांबद्दल असे इतक्या सहजपणे बोलता येते.

त्याने चौकटी कापून कंबरेएवढ्या केल्या. पुढच्या खोलीत, खिडकीच्या भिंतीलगत, म्हणजे जिथे पूर्वी मुलीची खाट होती तिथेच, सशाचे घर उभे राहिले. मध्ये कमान. कमानीच्या दोन्ही अंगांना खिडक्या, त्यांत रंगवलेले पडदे आणि पडद्यांपलीकडे रंगवलेली संध्याकाळ. उजव्या हाताला कठड्याचा जिना; तो एका सज्ज्यापर्यंत जाई आणि तिथेच संपे. फळ्यांच्या कडा त्याने पॉलिशपेपरने इतक्या घासल्या होत्या की सशाच्याच काय, तान्ह्या बाळाच्या अंगालाही ओरखडा उठला नसता. जमीन किंचित पुढे उतरती, आत बसलेला समोरून पुरता दिसावा म्हणून. पाण्याचे भांडे जमिनीत बसवलेले, सांडू नये म्हणून. वर एक दिवा. पुढची बाजू अर्थातच संपूर्ण उघडी, फक्त पट्ट्यांचे बुटके कुंपण.

कामात खोट काढायला जागा नव्हती. त्या घरात बसायला जागा होती, उभे राहायला जागा होती, दिसायला तर जागाच जागा होती. दडायला नव्हती.

“दुपारी इथे ऊन येतं,” बायको म्हणाली. “तुमची खिडकी रंगवलेली असेल, मागची खरी आहे.”

“उन्हाने कुणी मरत नाही.”

“आणि मागच्या बाजूला काय?”

“मागची बाजू मागची असते,” काटकोन म्हणाला.

बटाट्याला दिवाणखान्यात सोडले. त्याने मागचा पाय जमिनीवर एकदा जोरात आपटला, कान पाठीला चिकटवले आणि कमानीखाली दगडासारखा बसून राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाणखाना रिकामा होता.

घरभर शोधाशोध झाली. अखेर बायकोने जमिनीवर आडवे पडून पाहिले आणि ती हसत सुटली. एका चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे रंगवलेला पडदा जमिनीला टेकायचा तिथे, कापड सुटलेले होते. त्या फटीतून ससा महालाच्या पाठीमागे गेला होता. उतरत्या जमिनीखाली, टेकूंच्या जंजाळात, खऱ्या भिंतीच्या गार अंगाला टेकून तो पसरला होता, मागचे पाय लांब करून. सशाचे काळीज ठिकाणावर आहे हे ओळखायची तीच खूण. पुढचे गवतही त्याने तोंडात धरून धरून मागे नेले होते.

“नट विंगेत जाऊन बसला की हो तुमचा!”

“सवय होईल,” काटकोन म्हणाला. त्याला अपमान झाल्यासारखे वाटत होते.

“त्याला झालीये. तुम्हाला व्हायचीये.”

रविवारी जावई नातीला दारात सोडून कामाला गेला. नातीने रोषणाई केलेल्या त्या महालाकडे एकदा पाहिले, खाली वाकून फटीत डोळा लावला आणि एक शब्द न बोलता चौकटी आणि भिंत यांच्यामधल्या बोळात अंग तिरके करून शिरली. पोर काटकुळी, सहज मावली. काटकोन समोरच्या खुर्चीत बसून राहिला. त्याच्यासमोर दिव्याखाली लख्ख रिकामा दिवाणखाना होता, आणि थोड्या वेळाने त्या दिवाणखान्याच्या भिंतीआडून नातीचा आवाज यायला लागला.

ती बोलत होती. महिनोन् महिने जिच्या तोंडातून हो-नाहीपलीकडे अक्षर निघाले नव्हते, ती सशाशी अखंड बोलत होती. नवी आई वाईट नाही, पण ती कपाटाला कुलूप लावते. शाळेत शेजारी बसणारी मुलगी आता दुसऱ्या बाकावर बसते. पोळीच्या कडा ती अजूनही टाकते, पण आता कोणी रागवत नाही. मग आवाज आणखी खाली गेला. “आईपण अशीच बसायची, माहितीये तुला? लहान असताना. आजोबांच्या थेटरात, अशाच भिंतीच्या मागे. तिथेच अभ्यास करायची. पुढे नाटक चालू आणि ही मागे पाढे म्हणायची, मनातल्या मनात.”

हे खरे होते. काटकोनाने मान फिरवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. बायको दारात उभी होती, हाताला पीठ लागलेले, आणि तिने ओठांवर बोट ठेवले होते.

असे काही रविवार गेले. म्हातारा-म्हातारी समोर बसत, महाल रिकामा असे, आणि त्यामागे एक पोर आणि एक ससा सुखात असत. एवढ्यावर सारे चालू राहिले असते. पण जगात सुखाची पाहणी करायला कोणीतरी येतेच. एका रविवारी जावई ठरल्या वेळेच्या आधी आला.

“कुठे आहे ती?”

“मागे,” काटकोन म्हणाला.

“मागे म्हणजे?”

नात बोळातून बाहेर आली. केसांत कोळ्याचे जाळे, फ्रॉकला धूळ, गालावर गवताची काडी. चेहऱ्यावर मात्र उजेड होता. जावयाने फक्त धूळ पाहिली.

“बाबा, तुम्ही एवढं छान घर केलंत, आणि ससा मागे कचऱ्यात? हीसुद्धा? शाळेतल्या बाईंनी बजावून सांगितलंय, हिला लपू देऊ नका, चारचौघांत बसवा, नाहीतर असंच एकलकोंडं होईल पोर. आमच्याकडे पलंगाखाली शिरत होती, ते बंद केलं. इथे येऊन पुन्हा तेच करणार असेल, तर मग आणण्यात अर्थ काय?”

“नाही, नाही,” काटकोन घाईघाईने म्हणाला. “मी करतो काहीतरी. पुढच्या वेळी दिसतील दोघं.”

“तेवढं बघा. मला वाद नकोय.”

वाद नको असलेली माणसे नेहमीच वादातली आपली बाजू सांगून झाल्यावर निघतात.

दुसऱ्या दिवशी काटकोनाने हत्यारांची पेटी उघडली. दोन फळ्या कापल्या. एक फटीच्या मापाची, एक बोळाच्या तोंडाच्या मापाची. ससा त्याने टेकूंमधून ओढून काढला तेव्हा काटकोनाच्या हाताखाली सशाचे हृदय घड्याळाच्या सुटलेल्या कमानीसारखे थडथडत होते. बायको मागे येऊन उभी राहिली.

“काय करताय?”

“मास्किंग.”

“कुणासाठी?”

“तू ऐकलंस ना तो काय म्हणाला ते? पोरगी दिसली पाहिजे. ससा दिसला पाहिजे. नाहीतर आणणार नाही तो तिला.”

“तो आणणार नाही म्हणून तुम्ही तिचं येण्याचं कारणच खिळे ठोकून बंद करताय?”

“सवय होते. नवा नट पहिल्या प्रयोगाला असाच थरथरतो. नंतर ढकलला तरी विंगेत जात नाही.”

तिने कापलेली दुसरी फळी पायाने बाजूला सरकवली. मग म्हणाली, “आपल्या पोरीचंही तुम्ही हेच केलंत.”

हातोडी थांबली.

“इथेच होती तिची खाट. ‘आई, खाट भिंतीकडे वळव,’ म्हणायची. रोज म्हणायची. तुम्ही दाराकडे तोंड करून ठेवलीत. वर नवी चादर, उशाशी फुलदाणी. येणाऱ्याला नीट दिसावी म्हणून.”

“लोक भेटायला यायचे. त्यांच्याकडे पाठ करायची?”

“मरणाऱ्याने कुणाकडेही पाठ करावी. तेवढीही सोय ठेवली नाहीत तुम्ही तिला.”

ती आत गेली. काटकोन हातोडी हातात घेऊन बसून राहिला. बायकोचे म्हणणे त्याला कळले नव्हते असे नाही. पण त्याच्या डोळ्यांपुढे जावयाचा चेहरा होता आणि त्या चेहऱ्यामागे रिकाम्या रविवारांची रांग. माणूस चूक करतो तेव्हा त्याला नेहमी दुसरे काहीतरी वाचवायचे असते. त्याने खिळा धरला आणि ठोकला. कोपरा नेहमीसारखा बिनचूक बसला. नखसुद्धा शिरले नसते.

बटाटा दिवाणखान्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावला. फळी होती तिथे त्याने दातांनी आणि नखांनी खरवडले. जिन्यावर चढला, सज्ज्यात गेला. पुढे काही नव्हते, परत उतरला. मग रंगवलेल्या संध्याकाळच्या खिडकीखाली, कोपऱ्यात तोंड खुपसून, खोलीकडे पाठ करून बसला. दुपारचे ऊन आले तरी हलला नाही. बायकोने वरचा दिवा बंद केला आणि कुंपणावर चादर टाकली. काटकोनाने चादर काढली नाही, पण फळीही काढली नाही. ताटलीतले गवत सकाळी होते तसेच होते. त्याच्या पुढच्या दिवशीही तसेच होते, आणि जमिनीवर एकही लेंडी नव्हती.

मग तिने कोणाला विचारले नाही. ससा भाजीच्या टोपलीत घातला, वर पदर धरला आणि जनावरांच्या डॉक्टरकडे नेला. डॉक्टर तरुण आणि थकलेला होता. त्याने सशाच्या पोटावर बोटे ठेवून बराच वेळ कानोसा घेतला.

“पोट थांबलंय याचं. सशाचं पोट एकदा थांबलं की फार वेळ मिळत नाही. घरात काही बदल केलात?”

तिने टोपलीच्या कडेवरचा पदर सरळ केला.

“लपायला जागा आहे त्याला?”

“होती,” ती म्हणाली.

औषधाची पिचकारी घेऊन ती घरी आली आणि टोपली काटकोनापुढे ठेवली. “डॉक्टर म्हणाला, जिथे लपत होता तिथे परत ठेवा.” एवढेच बोलली, त्याहून एक शब्द जास्त नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

काटकोन उठला. खिळे काढायला पक्कड घेतली. त्याचेच खिळे, निघता निघेनात. पहिल्यांदाच त्याला आपल्या कामाच्या पक्केपणाचा राग आला. शेवटी त्याने फळी पहारीने उचकटली, तिच्याबरोबर चौकटीचा एक तुकडा आणि रंगवलेल्या पडद्याची पट्टी फाटून आली. बोळाच्या तोंडावरची फळीही त्याने काढून टाकली आणि ससा त्या भगदाडाशी ठेवला. बटाटा क्षणभर तसाच बसला, मग पोट जमिनीला घासत आत गेला, भिंतीला टेकला. बायकोने हात आत घालून औषध पाजले. त्याने गिळले. दोघांनाही आशा वाटली, आणि आशेने नेहमीप्रमाणे आपले काम केले, म्हणजे थोडा वेळ काढला.

सकाळी तो तिथेच होता, त्याच जागी, पण पाय आखडलेले. घरामागच्या कुंपणाशी खड्डा काटकोनाने स्वतः खणला, चारही कोपरे काटकोनात.

“जावयाला फोन करू?” बायकोने विचारले.

“नको. मग रविवारी येणार नाहीत.”

“आले तर काय दाखवणार आहात?”

 नाट्यगृहात त्याला कधी कोणी नाटकाचा शेवट बदलायला सांगितले नव्हते. तो फक्त भिंती उभ्या करीत असे.

रविवारी दोघे आले. या वेळी जावई थांबला. व्यवस्था पाहायची होती त्याला. नात सरळ महालाकडे गेली, वाकली आणि भगदाडात हात घातला. तिची आजी पुढे झाली, तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि तिला सांगितले. आडपडदा न ठेवता सांगितले: बटाटा आजारी पडला, औषध दिले, पण गेला.

पोर रडली नाही. ती बोळात शिरली.  मग भिंतीआडून तिने विचारले, “ही फळी कुणाची?”

उचकटलेली फळी काटकोनाने तिथेच बोळात टेकून ठेवली होती. तिच्या आतल्या बाजूवर दातांचे आणि नखांचे ओरखडे होते, खालपासून सशाचा पंजा पोचेल तिथपर्यंत.

“ही इथे लावली होती?”

“हो,” काटकोन म्हणाला.

“कुणी?”

जावई खुर्चीत चुळबुळला. बायकोने नवऱ्याकडे पाहिले नाही.

“मी,” काटकोन म्हणाला.

ती बाहेर आली. तिने फ्रॉकवरची धूळ नीट झटकली, केसांतले जाळे काढले आणि खोलीच्या मधोमध, जावयासमोरच्या खुर्चीत येऊन बसली. पाय जुळवून, हात मांडीवर, तोंड सगळ्यांकडे. आजीने दूध देऊ का विचारले, ती म्हणाली, “हो, चालेल.” शाळा कशी चाललीये विचारले; म्हणाली, “छान चाललीये.” वडिलांनी विचारले, “नव्या आईने काल काय आणलं, सांग आजोबांना.” तिने सांगितले. प्रत्येक उत्तर पूर्ण, स्पष्ट, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल असे. काटकोनाने अशी उत्तरे जन्मभर ऐकली होती. पाठ केलेली.

जावयाचा चेहरा उजळला. निघताना तो दारात हळूच म्हणाला, “बघा, आता किती छान बसली चारचौघांत. ससा गेला ते वाईटच झालं, पण एका अर्थी…” त्याने वाक्य पुरे केले नाही. ते पुरे करायची गरजही नव्हती.

नात चपला घालत होती. काटकोन तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याचे गुडघे वाजले.

“पुढच्या रविवारी येशील ना?”

तिने मान वर केली. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचे होते.

“कशाला?”

 वडिलांनी तिचा हात धरला, तीही गेली, आणि पुढचा रविवार तसाच गेला, आणि त्यापुढचाही.

अशाच एका रिकाम्या रविवारी संध्याकाळी नाट्यगृहाचा व्यवस्थापक दार वाजवीत आला. पडदा बंद पडला होता, बटण दाबले तरी महाल उगवत नव्हता, आणि प्रयोग तोंडावर आला होता.

“काटकोन आहेत का? एक भिंत उभी करून द्यायला सांगा, फक्त एक भिंत. लोक येऊन बसलेत.”

बायकोने वळून खोलीत पाहिले. समोर फाटलेला दिवाणखाना होता, दिव्याखाली लख्ख. त्याच्या आणि खऱ्या भिंतीच्या मधल्या बोळात, जिथे एक काटकुळी पोर मावत असे तिथे, म्हातारा अंग तिरके करून शिरला होता. गुडघे छातीशी, तोंड भिंतीकडे. बोळाच्या तोंडातून त्याची फक्त पाठ दिसत होती, सदऱ्याला चुना लागलेला.

तिने हात लांब करून दिवा बंद केला.

“नाहीत,” ती व्यवस्थापकाला म्हणाली. “घरात नाहीत ते,” आणि दार लावून घेतले.